वंदनाचं इंजिन

रोज सकाळी नऊच्या सुमारास मला वंदनाचा फोन यायचा. ती लातूरला, मी नांदेडला. फोन उचलला की मी "होम?" म्हणायचो आणि तिकडून ती "हिरवा" म्हणायची, मगच पुढचं बोलणं. रेल्वेच्या इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट दिसेल तो सिग्नल मोठ्याने बोलतात, एकाने म्हणायचा आणि दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. बत्तीस वर्षं मी हेच केलं, रिटायर झाल्यावर ही सवय बहिणीच्या फोनवर येऊन टिकली. त्या दिवशीही स्क्रीनवर तिचंच नाव होतं. मी "होम?" म्हणालो. पलीकडून काही नाही. मला वाटलं, रेंज गेली असेल, म्हणून जरा वरच्या पट्टीत परत म्हणालो. मग दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, आवाज आला. "दादा, तुम्ही निघून या." एवढंच म्हणाले. आयटीआयला जायला म्हणून तिने स्कूटीची किल्ली हातात घेतली, दारातल्या खुर्चीवर चप्पल घालायला बसली आणि तिथेच मान टाकली... हे मला लातूरला पोचल्यावर कळलं. बसमध्ये साडेतीन तास मी ती आजारी आहे असं धरून बसलो होतो. सत्तावन्न वर्षांची होती, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. हा लेख तिने माझ्यावर लिहायचा, असा नेम होता.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं आमचं गाव. विहिरीवर आमच्या वडिलांचं, अण्णांचं, एक डिझेल इंजिन होतं, काळं, तेलकट आणि महालहरी. अण्णांनी दहा वेळा हँडल मारलं तरी ते नुसतं खोकायचं. वंदना दहा वर्षांची असताना एकदा पुढे झाली, कुठला तरी नट ढिला करून तिने नळीतली हवा काढली आणि हँडल मारलं. इंजिन सुरू. अण्णा आनंदले की वरमले ते मला आजवर कळलेलं नाही. तेव्हापासून इंजिनाचं खातं तिच्याकडे. आमची माय म्हणायची, "हिचा जलम चुकून माझ्या पोटी झाला, हिला गॅरेजात पडायचं व्हतं." पुढे तिने लातूरला आयटीआयला डिझेल मेकॅनिकला नाव घातलं. वर्गात ती एकटीच मुलगी. सुट्टीत घरी यायची तेव्हा नखं काळी असायची, आणि ती लपवायची नाही, उलट जेवताना मुद्दाम पुढे करायची.

मी तेव्हा नुकताच रेल्वेत डिझेल असिस्टंट म्हणून लागलो होतो. आणि इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, जी मी पस्तीस-छत्तीस वर्षं कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. असिस्टंटच्या जागा निघाल्या. वंदनाने फॉर्म भरला, खाकी पाकिटात घातला, वर वळणदार अक्षरात पत्ता लिहिला, तिकिटं चिकटवली आणि मी नांदेडला निघालो होतो म्हणून माझ्या हातात दिला. गावच्या पोस्टावर तिचा भरवसा नव्हता. म्हणाली, "दादा, शेवटच्या तारखेच्या एक दिस आधी तरी पडू दे. इसरू नको." मी विसरलो नाही. दोन वेळा पोस्टाच्या पेटीसमोर जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. तेव्हा मी मनाशी म्हणालो, इंजिनात संडास नाही, सगळीकडे नुसते पुरुष, रात्र-बेरात्र कुठल्या तरी ठेसनावर पडून राहायचं, पोरीची जात. पुढेही स्वतःला हेच सांगत आलो. खरं ते नव्हतं. ती माझ्यापेक्षा हुशार होती आणि दोन वर्षांत माझ्या पुढे गेली असती. सोबतचे लोक मला हसले असते. मला लाज वाटली, आणि असूयाही. पाकीट फाडून टाकायची हिंमत झाली नाही, पोस्टात टाकायचीही झाली नाही. मी ते माझ्या लाइन बॉक्सच्या तळाला घातलं आणि वरून तेलाची जाहिरात असलेला वर्तमानपत्राचा कागद खळीने चिकटवून टाकला.

लाइन बॉक्स म्हणजे ड्रायव्हर लोकांची पत्र्याची पेटी. लाल-हिरवी झेंडी, टॉर्च, जेवणाचा डबा, चादर, सगळा संसार त्यात. त्या पेटीत ते पाकीट माझ्याबरोबर बत्तीस वर्षं फिरलं. मी वंदनाला सांगितलं, "टाकला बघ, आता वाट बघायची." तिने वाट बघितली. वर्षभर बघितली. पोस्टमन दिसला की ती अंगणात यायची आणि काही विचारायची नाही, नुसती उभी राहायची. मग एका दिवाळीत म्हणाली, "न्हाई आलं दादा. मार्क कमी पडले असतील." मी मान हलवून "हाव" म्हणालो. त्या 'हाव'बद्दल मला जे वाटतं ते मी इथे लिहू शकत नाही.

पुढे तिचं लग्न झालं. दाजी शाळेत मराठी शिकवायचे, स्वभावाने गरीब माणूस, घरातला फ्यूज बदलायलाही बायकोला हाक मारणार. तिने लातूरच्या एका खासगी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवायला घेतलं आणि आयुष्यभर तेच केलं. चांगलं केलं. लातुरातल्या निम्म्या ट्रॅक्टर मेकॅनिकांनी तिच्या शिव्या खाल्ल्या आहेत. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिचा कंप्युटर घरी उरला, आणि चार वर्षांपूर्वी एके दिवशी मला फोन आला, "दादा, तुझ्या इंजिनात ड्रायव्हरच्या सीटखाली काय असतं?"

तिला कुठून तरी एक सिम्युलेशनचा गेम सापडला होता. त्यात रेल्वे चालवता तर येतेच, पण स्वतःचं इंजिनही बांधता येतं. एकेक भाग काढायचा, त्याला वजन द्यायचं, ताकद द्यायची, कुठला खटका दाबल्यावर काय होतं ते ठरवून द्यायचं, आणि मग ते रुळावर उभं करायचं. तिने ठरवलं होतं, मी चालवलं ते जुनं लांब नाकाडाचं, सोळा सिलिंडरचं डिझेल इंजिन बांधायचं, हुबेहूब. मी म्हणालो, "अगं, या वयात गेम?" ती म्हणाली, "तू फकस्त सांग. सीटखाली काय असतं?" मी म्हणालो, काही नसतं, धूळ असते. तर तिने सीटखाली धूळ घातली. तेव्हा मला कळलं की बाई ऐकणाऱ्यातली नाही.

नऊचा फोन तेव्हापासून रोजचा झाला. वायपरची मूठ कुठल्या हाताला, काट्याची काच पिवळी पडायची की धुरकट, सीटचं रेक्झिन कुठल्या कोपऱ्यात फाटलेलं असायचं. एकदा मी कंटाळून म्हणालो, "टाक की काहीबी, गेम तर हाय." तिने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी 'हिरवा' म्हणायच्या आधीच म्हणाली, "हे बघ दादा, मला ह्यात एकबी गोष्ट खोटी नको. ठाऊक नसंल तर ठाऊक न्हाई म्हण." मी बरं म्हणालो. ज्याने तिला आयुष्यातली सगळ्यात मोठी खोटी गोष्ट सांगितली, त्याला ती खरं-खोटं विचारून इंजिन बांधत होती. रोज तिचा फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ बाल्कनीत जाऊन बसायचो.

इंजिन सुरू कसं करायचं, हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. आधी इंधनाचा पंप, काटा चढेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टचं बटण दाबून धरायचं, तेलाचा दाब आला की सोडायचं. तिने तसंच्या तसं बसवलं आणि इंजिन तीन दिवस सुरू होईना. चौथ्या दिवशी फोन. "दादा, बॅटरीचा मोठा खटका कोण टाकायचं?" तो खटका शेडमधली माणसं टाकून ठेवायची, नाही तर असिस्टंट. ड्रायव्हर झाल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता आणि साफ विसरलो होतो. ती इतकी हसली की दाजी आतून धावत आले. "बत्तीस वर्षं गाडी चालवली का नुसता खिडकीत बसून गेलास रे?" असं म्हणाली. पुढे कुठलाही वाद झाला की तिच्याकडे हा हुकमाचा पत्ता असायचा.

आवाजाचा किस्सा तर आमच्या घरी अजून सांगतात. वेगाचा दांडा एका नॉचवरून, म्हणजे खाचेवरून, दुसऱ्यावर सरकवला की इंजिन आधी जरा दबतं, काळा धूर सोडतं आणि मग उचल खातं. ते दबणं तिला नेमकं हवं होतं. मी नांदेडच्या भाजी बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभा, आणि फोनवर ही म्हणते, "तोंडानं करून दाखव." मी केला. पहिल्या नॉचपासून आठव्यापर्यंत. मेथीवाली बाई डोक्यावरचा पदर सावरत शेजारणीला म्हणाली, "बिचारं... घरचं कुणी संगं न्हाई का?" वंदनाने तो आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता.

मग तिला पेटी हवी झाली. राखीला नांदेडला आली तेव्हा म्हणाली, असिस्टंटच्या सीटमागं तुझी पेटी ठेवायची हाय, मापं घेते, फोटो काढते, दिवाळीला आणून देते. मी माळ्यावरून काढून, पुसून दिली. बसस्टँडवर जाऊन तिला बसवूनही दिलं, पेटी मांडीवर. घरी येऊन चप्पल काढली आणि आठवलं. तुम्ही म्हणाल, इतकी मोठी गोष्ट माणूस विसरतो कसा. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्टच माणूस विसरतो, बॅटरीचा खटका विसरलो होतो तसा. फोन करून तिला काय सांगणार होतो? कागद काढू नको म्हणालो असतो तर तिने तोच आधी काढला असता. दिवाळीपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. ती मात्र रोज नऊला "हिरवा" म्हणतच होती, आवाजात तसूभर फरक नाही.

भाऊबिजेला पेटी परत आली, आत चिवड्याचा डबा. ती ओवाळायची तयारी करत होती तेवढ्यात मी आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली. तळाचा कागद होता तसा, कडेने चिकटलेला. एक कोपरा नखाने उचलला. पाकीट जागेवर, बंद. मी देवाचे आभार मानले, खरंच मानले. ओवाळून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, पेटीतला कागद लई जुना झालाय. बदल आता." मी म्हणालो, बदलतो. बदलला नाही.

त्या हिवाळ्यात इंजिन पुरं झालं. रूळ तिने लातूर रोडपासून परळीपर्यंत टाकले होते, पुढे नुसतं रान. परभणी, पूर्णा करत नांदेडला आणायचं आणि फलाटावर मला उभा करायचं, असा तिचा बेत होता. पहिल्या दिवशी तिने मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून कंप्युटरकडे तोंड करून ठेवला, मी नांदेडहून व्हिडिओ कॉलवर असिस्टंट. चाळीस डब्यांची मालगाडी. तिने बॅटरीचा खटका टाकला, मुद्दाम मला ऐकवून टाकला, पंप लावला, काटा चढला, बटण दाबून धरलं... आणि ते इंजिन सुरू झालं. मेथीच्या जुडीसकट केलेला माझा आवाज तिने त्यात कुठे मुरवला होता कोण जाणे, पण मला डोळ्यांत पाणी आलं आणि मी कॅमेऱ्यासमोरून बाजूला झालो. "डिस्टंट पिवळा," मी म्हणालो, होमच्याही आधीचा सिग्नल तो. "डिस्टंट पिवळा," ती म्हणाली. चढाला चाकं घसरायला लागली तसा मी ओरडलो, "नॉच उतरव, वाळू सोड." तिने घाई केली नाही. एक नॉच उतरवली, चाकांना पकड यावी म्हणून रुळावर वाळू सोडली, थांबली, आणि गाडी चढ चढून गेली. मी कितीतरी ड्रायव्हरांबरोबर काम केलं आहे. इतका शांत हात मी क्वचित पाहिला. त्या दिवशी मी तिला हे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं चाललंय."

त्यानंतर तिचं एकच पालुपद. "दादा, फोनवर न्हाई दिसत समदं. हितं येऊन बस एकदा. पेटीबी ठेवलीय तुझी, उघडती ती." मी येतो म्हणायचो. गुडघा दुखतो, लग्नसराई आहे, ऊन फार आहे. खरं कारण ती पेटी होती. तिच्या शेजारी बसून त्या पेटीकडे बघायचं माझ्याच्याने होत नव्हतं, खोटी असली तरी. नांदेड ते लातूर साडेतीन तासांचा रस्ता, आणि दीड वर्ष मी तो केला नाही. केला तो तिला पोचवायला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी दोन दिवस राहिलो. तिसऱ्या प्रहरी दाजी म्हणाले, "दादा, कंप्युटर लावू का? मी तिचं बघून बघून शिकलोय." त्यांनी लावला. तिची खुर्ची मला दिली. खुर्चीवर तिची शाल होती, ती त्यांनी उचलली नाही आणि मीही नाही. इंजिन लातूर रोडला उभं होतं, जिथे तिने शेवटचं सोडलं होतं तिथे. मी आत शिरलो. फाटलं रेक्झिन, पिवळी काच, सीटखाली धूळ, कंप्रेसरजवळ आम्ही डबे गरम करायला ठेवायचो ती जागा, तिथे काळा गोल डागसुद्धा. असिस्टंटच्या सीटमागे माझी पेटी, पांढऱ्या रंगात माझं नाव, अर्धं उडालेलं. दाजी म्हणाले, "पेटी दादानंच उघडायची, आसं म्हणायची. मी हात लावला न्हाई कधी."

मी उघडली. झेंडी, टॉर्च, पोचा आलेला डबा. तळाला तोच वर्तमानपत्राचा कागद, त्यावरची तीच तेलाची जाहिरात. कोपरा जरासा उचललेला. मी त्यावर माउस नेला आणि दाबला. कागद बाजूला झाला आणि खाली खाकी पाकीट, तिच्या वळणदार अक्षरातला पत्ता, वर तिकिटं. आणि तिकिटांवर पोस्टाचा काळा गोल शिक्का. नांदेड. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवसाचा.

एकबी गोष्ट खोटी नको म्हणणाऱ्या माझ्या बहिणीने सगळ्या इंजिनात एवढी एकच गोष्ट खोटी केली होती. मग मला आवरलं नाही. पासष्ट वर्षांचा माणूस, टेबलावर डोकं टेकून रडलो. दाजींनी पाणी आणलं आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं, पोस्टाच्या पेटीपासून त्या 'हाव'पर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मला ठाऊक हाय दादा. राखीहून आली त्याच्या दुसऱ्या दिशी तिनं कागद काढला व्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलली न्हाई, जेवली न्हाई. मग माझ्याकडून खळ करून घेतली अन व्हता तसा चिटकवला. म्हणली, दादाला काई इचारू नका, त्यानं लई वर्सं वझं वागवलंय." रिकामा ग्लास उचलत ते म्हणाले, "शिक्क्याला चार दिस लागले तिला. पुसट पायजे म्हणायची. खऱ्यावानी."

ती त्या दुसऱ्या दिवशीही नऊला फोनवर "हिरवा" म्हणाली होती. मी हिशोब करून बघितला. कागद निघाला असेल तो माझा फोन झाल्यावर, पण त्याच्या पुढच्या दिवशीही म्हणाली, आणि त्याच्याही पुढच्या. माझ्याकडून एक शब्द यावा म्हणून ती दीड वर्ष "येऊन बस" म्हणत होती की माझी सुटका करायला बोलवत होती, हे आता विचारायला कुणी नाही. माफी मागायची राहिली. ती तिने मागू दिली असती, शेजारच्या खुर्चीवर चहा ठेवून मागू दिली असती, आणि वर बॅटरीच्या खटक्यावरून एकदा हसलीही असती.

पेटी आता माळ्यावर नाही. बाहेरच्या खोलीत माझ्या खाटेशेजारी आहे. तळाचा कागद मी काढून टाकला. नऊ वाजले की मी ती उघडतो, पाकीट हातात घेतो आणि "होम?" म्हणतो, म्हटल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. तिचं अक्षर अजून ठसठशीत आहे. तिकिटांवर शिक्का नाही.